एक ‘नस’, चार गोष्टी : मांडीच्या पुढच्या भागात नेमकं काय काय असतं?

शरीरवेडी

‘नस दबली आहे.’ ‘नस फुगली आहे.’ ‘नस तुटली.’ ‘नसेत ब्लॉकेज आहे.’ ही वाक्यं आपण सगळेच बोलतो. पहिल्या वाक्यातली नस म्हणजे मज्जातंतू, दुसऱ्यातली शीर, तिसऱ्यातली बहुतेक वेळा स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि चौथ्यातली धमनी. वस्तू चार, शब्द एकच. त्यामुळे पेशंट एक सांगतो, ऐकणारा दुसरंच समजतो आणि घरचे तिसऱ्याच गोष्टीला घाबरून बसतात.

मी फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना शरीररचना शिकवते. हा घोळ निस्तरायला मांडीच्या पुढच्या भागासारखी दुसरी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. जांघेत या गोष्टी एकमेकींना खेटून असतात. तिथून खाली जाताना एकेक जण वेगळी वाट धरतो. कोण कुठे वेगळं होतं हे कळलं, की कुठे बधिर होईल, कुठे दुखेल, काय केल्यावर गुडघा दगा देईल, याचा बराचसा अंदाज आपला आपल्याला येतो.

आधी स्नायू, कारण ते हाताला लागतात. खुर्चीत बसा, एक पाय गुडघ्यात सरळ करा आणि मांडीवर हात ठेवा. टणक झालेला तो सगळा उंचवटा म्हणजे क्वाड्रिसेप्स. चार डोकी आणि एक शेपूट. बाहेरच्या अंगाला व्हास्टस लॅटरॅलिस, चौघांत सर्वांत मोठा. आतल्या अंगाला, गुडघ्याच्या वाटीच्या जरा वर, थेंबाच्या आकाराचा फुगवटा दिसतो तो व्हास्टस मेडिअॅलिस. मधोमध वरून खाली येणारा रेक्टस फिमोरिस. चौथा व्हास्टस इंटरमीडिअस रेक्टसच्या खाली थेट हाडाला बिलगलेला असतो, तो बोटांना सापडत नाही. चौघांचा मिळून एक जाड कंडरा होतो, तो गुडघ्याच्या वाटीला धरतो आणि वाटीखालचा पट्टा नडगीच्या हाडावरच्या उंचवट्याला जाऊन चिकटतो. वाटी हे कंडऱ्याच्या आतच वाढलेलं हाड आहे, अशा प्रकारच्या हाडांमध्ये शरीरातलं सर्वांत मोठं. कंडऱ्याला ती सांध्यापासून जरा दूर धरते, म्हणून तेवढ्याच ताकदीत गुडघा जास्त जोराने सरळ होतो.

चौघांत रेक्टस वेगळा. बाकीचे तिघे मांडीच्या हाडापासून निघतात आणि फक्त गुडघा हलवतात. रेक्टस निघतो कमरेच्या हाडापासून, त्यामुळे तो खुबाही वाकवतो. पळता पळता चेंडूला लाथ मारताना याच स्नायूला इजा होते त्याचं कारण हेच. खुबा मागे, गुडघा वाकलेला, म्हणजे दोन्ही टोकांनी ताणलेला असतानाच त्याला झटक्यात आखडायचं असतं. वाढत्या वयातल्या मुलांत तर कधी कधी स्नायू शाबूत राहतो आणि त्याच्या मुळाशी असलेला हाडाचा तुकडाच उपटून येतो.

आता माझा सर्वांत लाडका, सार्टोरिअस. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून तिरका आत उतरत गुडघ्याखाली नडगीच्या आतल्या बाजूला जाणारा लांबलचक पट्टा, शरीरातला सर्वांत लांब स्नायू. लॅटिनमध्ये ‘सार्टर’ म्हणजे शिंपी. शिंपी जसा पाय दुमडून बसतो तशी बैठक हा जमवतो, म्हणून हे नाव. आपण त्या बैठकीला ‘मांडी घालून बसणं’ म्हणतो, म्हणजे मराठीत तर या स्नायूचं काम क्रियापदातच आलंय. खुबा वाकवणं, मांडी बाहेर फाकवणं, बाहेर वळवणं आणि गुडघा दुमडणं, ही चारही कामं त्या एका हालचालीत आहेत.

याच सार्टोरिअसची आतली कड, वर जांघेतला पट्टा म्हणजे इंग्वायनल लिगामेंट आणि आतल्या बाजूला मांडी आत ओढणाऱ्या अॅडक्टर लाँगस स्नायूची आतली कड, या तिघांत जो त्रिकोण होतो तो फिमोरल त्रिकोण. सगळी रहदारी इथून जाते. बाहेरून आत यायचं तर आधी फिमोरल मज्जातंतू, मग धमनी, मग शीर, मग एक छोटी मोकळी जागा आणि त्यात लसीकाग्रंथी. धमनी, शीर आणि ती मोकळी जागा एका पातळ म्यानात असतात. मज्जातंतू म्यानाबाहेर, स्नायूवरच्या आवरणाखाली.

पुढची वाट प्रतिसादांतून चालू. विचारा.

निळीशाई

ताई, धागा अगदी माझ्यासाठीच काढल्यासारखा आहे. दोन महिन्यांपासून उजव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. कधी मुंग्या, कधी चटका लागल्यासारखं. पॅन्टचं कापड घासलं तरी नको होतं. एका ठिकाणी दाखवलं तर ‘नस दबली आहे’ एवढंच सांगितलं, कुठली ते नाही. घरी सगळे पाय लुळा पडेल म्हणून धास्तावलेत. तुमचा लेख वाचून काल रात्री निळ्या पेनाने बधिर भागाची कड काढली. आकृती लांबट अंड्यासारखी आली, पुढे मांडीच्या मध्यापर्यंत येत नाही आणि गुडघ्याच्या बरीच वर संपते. गुडघा सरळ करायला ताकद पूर्ण आहे.

शरीरवेडी

@निळीशाई, पेनाने कड काढलीत हे फार छान केलंत. डॉक्टरांना हेच चित्र दाखवा, अर्धं निदान त्यातच आहे.

तुम्ही वर्णन केलेला भाग मांडीच्या बाहेरच्या त्वचेच्या मज्जातंतूचा आहे, लॅटरल फिमोरल क्युटेनिअस नर्व्ह. नावात फिमोरल असलं तरी तो मोठ्या फिमोरल मज्जातंतूची फांदी नाही. कमरेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांच्या मुळांतून तो स्वतंत्र निघतो आणि कमरेच्या पुढच्या टोकदार हाडाच्या अगदी लगत, जांघेतल्या पट्ट्याखालून किंवा कधी पट्ट्यातूनच, मांडीत उतरतो. तिथे तो चिमटीत सापडल्यासारखा असतो. घट्ट पट्टा, कंबरेला कसणारे कपडे, वाढलेलं पोट, गरोदरपण, यांपैकी काहीही त्याला दाबू शकतं. या दुखण्याला मेराल्जिया पॅरेस्थेटिका म्हणतात. १८९५ मध्ये बर्नहार्ट आणि रोथ या दोघांनी त्याचं वर्णन केलं.

घरच्यांना एवढं नक्की सांगा, की हा मज्जातंतू फक्त त्वचेची संवेदना वाहतो. त्याच्या ताब्यात एकही स्नायू नाही. तो कितीही दबला तरी त्याच्यामुळे पाय लुळा पडू शकत नाही.

पण निदान डॉक्टरांनीच करायचं. गुडघ्यात ताकद कमी वाटली, बधिरपणा मांडीच्या पुढे किंवा पोटरीकडे पसरला, दोन्ही पायांत सुरू झाला किंवा लघवीवरचा ताबा बदलला, तर थांबू नका. ती दुखणी वेगळी आहेत.

उतारावर

माझा साधा प्रश्न. चढताना दम लागतो पण मांड्या दुखत नाहीत, उतरलं की दुसऱ्या दिवशी मांड्यांना हात लावू देत नाही. उतरणं तर सोपं असतं ना?

शरीरवेडी

दमाच्या दृष्टीने सोपं, स्नायूच्या दृष्टीने नाही. चढताना क्वाड्रिसेप्स आखडतो. उतरताना तो ब्रेक लावतो, म्हणजे ताकद लावत असतानाच लांबत जातो. त्या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा जास्त होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं.

पहिलं_वर्ष

मॅडम, दोन गोष्टी. मी क्रम लक्षात ठेवायला ‘मधशीपोल’ केलंय : मज्जातंतू, धमनी, शीर, पोकळी, लसीका. अर्थ काही नाही पण डोक्यात बसलं. दुसरं, धमनी नेमकी कुठे चाचपायची यात गोंधळ होतो. एका वहीत ‘इंग्वायनल लिगामेंटचा मध्य’ लिहिलंय, दुसरीत ‘मध्य-इंग्वायनल बिंदू’. एकच ना?

शरीरवेडी

‘मधशीपोल’ मी वर्गात वापरणार, परवानगी गृहीत धरते. फक्त हे बाहेरून आत आहे हे विसरू नका. डाव्या आणि उजव्या मांडीत ते आरशातल्यासारखं उलटतं आणि परीक्षेत मुलं तिथेच चुकतात.

बिंदू दोन आहेत आणि वेगळे आहेत. कमरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून जघनास्थीच्या मधल्या सांध्यापर्यंत अंतर घ्या आणि त्याचा मध्य काढा, तो मध्य-इंग्वायनल बिंदू. धमनी त्याच्या खाली. लिगामेंट मात्र सांध्यापर्यंत पोचत नाही, त्याच्या अलीकडे जघनास्थीवरच्या एका छोट्या उंचवट्याला संपतं. म्हणून लिगामेंटचा मध्य थोडा बाहेर पडतो. त्याच्या जरा वर इंग्वायनल मार्गाचं आतलं दार असतं, ती हर्नियाची गोष्ट.

आता स्वतःवर करून बघा. उताणं झोपा, पाय किंचित बाहेर वळवा, जांघेच्या घडीच्या लगेच खाली त्या मध्यावर दोन बोटं टेकवा. पहिल्यांदा काहीच लागत नाही. घाई न करता बोटं हळूहळू आत जाऊ द्या. मग ठोका येतो, आणि तो मनगटापेक्षा किती भरदार असतो ते कळल्यावर मुलं दरवर्षी एकदम गप्प होतात. बोटाखाली धमनी, तिच्या मागे स्नायूचा कंडरा आणि त्यामागे मांडीच्या हाडाचा गोळा. म्हणूनच इथे धमनी दाबून धरता येते. ठोक्यापासून बोटभर बाहेर मज्जातंतू, लगेच आत शीर.

मध्यरात्र

मी भूलतज्ज्ञ आहे. ‘मज्जातंतू म्यानाबाहेर’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात, पण आमचा अर्धा धंदा त्यावर चालतो, म्हणून थोडं लिहिते.

मांडीचं हाड मोडलेल्या माणसाला फिमोरल ब्लॉक, म्हणजे फिमोरल मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन, देताना सोनोग्राफीवर धमनी काळी गोल दिसते आणि तिच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू पांढुरका, चपटा. त्याच्यावर स्नायूचं आवरण असतं, फॅशिया इलिआका. औषध त्या आवरणाच्या वर पडलं तर पडद्यावर सुईचं टोक मज्जातंतूच्या जवळ दिसूनही ब्लॉक बसत नाही. आवरणाखाली गेलं की मज्जातंतू औषधात उचलला जाताना दिसतो आणि थोड्या वेळात कण्हणारा माणूस शांत होतो. मोजून एका पापुद्र्याचा फरक.

दुसरी गोष्ट गुडघ्याच्या सांधेबदलाची. फिमोरल ब्लॉक जांघेत दिला तर वेदना जाते पण क्वाड्रिसेप्सही ढिला पडतो आणि पहिल्यांदा उभं केल्यावर माणूस कोसळायचा धोका असतो. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तोच ब्लॉक मांडीच्या मध्याजवळ, सार्टोरिअसखालच्या बोगद्यात म्हणजे अॅडक्टर कॅनॉलमध्ये देतात. तिथपर्यंत स्नायूंकडे जाणाऱ्या बहुतेक फांद्या आधीच फुटून गेलेल्या असतात, उरतात मुख्यतः संवेदनेच्या. वेदना थांबते आणि पायात जीव राहतो.

शरीरवेडी

@मध्यरात्र, मनापासून आभार. वर्गात आकृती काढून जे तासभर सांगते ते तुम्ही दोन परिच्छेदांत दाखवलंत. विद्यार्थ्यांसाठी एक भर घालते. फिमोरल मज्जातंतू लिगामेंटखाली आला की साधारण ४ सेंटिमीटरमध्येच झाडूसारखा फुटतो. एक खोड असं ते उरतच नाही. म्हणून वर इजा झाली तर सगळंच जातं आणि खाली इजा झाली तर एखादीच फांदी.

सांजवेळ

वडिलांचं विचारायचं आहे. चालताना ठरावीक अंतरानंतर पोटरी इतकी दुखते की थांबावं लागतं, दोन मिनिटं उभे राहिले की पुन्हा चालतात. तपासणीत ब्लॉकेज मांडीतल्या धमनीत निघालं. आम्हाला कळेना, ब्लॉकेज मांडीत तर मांडी का दुखत नाही? रिपोर्ट चुकला का असंही वाटून गेलं.

शरीरवेडी

@सांजवेळ, वर्णन आणि रिपोर्ट एकमेकांशी जुळतात.

फिमोरल धमनी जांघेत आली की लिगामेंटखाली साधारण ३.५ सेंटिमीटरवर तिला मागून एक मोठी फांदी फुटते, प्रोफुंडा फिमोरिस, म्हणजे खोल धमनी. मांडीला खाऊपिऊ घालण्याचं काम मुख्यतः तिचं. मूळ धमनी मांडीतून जाते खरी, पण मांडीसाठी फारसं काही सोडत नाही. ती सार्टोरिअसखालच्या बोगद्यात शिरते, म्हणजे अॅडक्टर कॅनॉलमध्ये. साधारण १५ सेंटिमीटरचा हा बोगदा संपतो तिथे मोठ्या अॅडक्टर स्नायूच्या कंडऱ्यात एक फट असते. त्या फटीतून ती गुडघ्यामागे निघते, तिथून तिचं नाव पॉप्लिटिअल, आणि तिचं गिऱ्हाईक पोटरी.

पायातल्या धमन्यांमध्ये चरबीचा थर साचून अडथळा होण्याची नेहमीची जागा म्हणजे या बोगद्याचं खालचं टोक. म्हणजे मांडीची फांदी वरच फुटून सुखरूप, आणि अडथळ्याच्या पलीकडची पोटरी उपाशी. बसल्या जागी तिला पुरतं, चालताना पुरत नाही. अडथळा याहून वर, पोटातल्या धमनीत असता तर मांडी आणि कुल्लाही दुखला असता.

आता दिलासा देणारी बाजू. खोल धमनीच्या फांद्या गुडघ्याभोवतीच्या जाळ्याला मिळतात आणि मुख्य रस्ता बंद झाला तर हे आडरस्ते हळूहळू रुंदावतात. याच भरवशावर जॉन हंटर या शल्यविशारदाने १७८५ मध्ये लंडनमध्ये एका घोडागाडी हाकणाऱ्या माणसावर शस्त्रक्रिया केली. गुडघ्यामागची धमनी फुगली होती. तेव्हा अशा वेळी पाय कापणं हा रूढ उपाय होता. हंटरने फुगा तसाच ठेवून वर मांडीत, याच बोगद्यात, धमनी बांधली. पाय वाचला. अॅडक्टर कॅनॉलला आजही हंटरचा कॅनॉल म्हणतात.

वडिलांना धूम्रपान असेल तर ते बंद करणं आणि डॉक्टरांनी आखून दिलेलं चालणं, दोन्ही मनावर घ्या. झोपेतही पाय दुखायला लागला, पाऊल गार पडलं किंवा जखम भरेना, तर त्याच दिवशी दाखवा.

लोखंड

जिममध्ये आम्हाला सांगतात की पाय शेवटच्या थोड्या अंशांत सरळ करायचा व्यायाम केला की फक्त आतला थेंब, व्हास्टस मेडिअॅलिस, वाढतो. वाटी बाहेर सरकत असेल तर हाच उपाय. शरीरवेडी ताई, बरोबर का?

पट्टीवाला

मी फिजिओ आहे, वीस वर्षं गुडघेच बघतोय. त्या व्यायामाने पेशंटला फरक पडतो. आतला थेंब सुकलेला डोळ्यांना दिसतो आणि महिन्या-दीड महिन्यात भरलेलाही दिसतो. पुस्तकं काहीही म्हणोत.

शरीरवेडी

@पट्टीवाला सर, फरक पडतो याबद्दल माझं दुमत नाही. दुमत ‘फक्त’ या शब्दाबद्दल आहे. व्हास्टस मेडिअॅलिसचे खालचे तंतू आडवे होत वाटीच्या आतल्या कडेला धरतात. क्वाड्रिसेप्सची एकूण ओढ किंचित बाहेर असते, तिला हे तंतू आत खेचून तोल देतात. मांडीच्या हाडाचा बाहेरचा उंचवटाही त्यासाठीच पुढे आलेला असतो. एवढं खरं. पण चारही डोक्यांना हुकूम देणारा फिमोरल मज्जातंतू एकच आहे आणि गुडघा सरळ करताना ती सगळी एकत्र काम करतात. एकालाच वेगळं काढून राबवता येतं असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही.

पट्टीवाला

मान्य, ‘फक्त’ मागे घेतो. पण थेंब आधी का सुकतो? गुडघ्यात पाणी भरलेल्या प्रत्येक पेशंटमध्ये मी तो आधी बसलेला पाहिलाय.

शरीरवेडी

सांध्यात पाणी भरलं की सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मणक्यातूनच क्वाड्रिसेप्सला आवर घातला जातो. माणूस प्रामाणिकपणे जोर लावत असतो आणि स्नायू पूर्ण पेटत नाही. तो आवर चारही डोक्यांना बसतो. थेंबावरचं आवरण पातळ आणि जागा उघडी, म्हणून तिथलं बारीक होणं डोळ्याला आधी दिसतं, असं मला वाटतं. तुमचं निरीक्षण खोटं नाही. @लोखंड, तुम्ही तो व्यायाम जरूर करा, पण स्क्वॉट सोडून नको. वाटी खरोखर निसटलेली असेल तर जिमआधी अस्थिरोगतज्ज्ञ.

रात्रपाळी

नर्स म्हणून एक कळकळीची गोष्ट. आमच्याकडे एका बाईंचा रिपोर्ट आला, ‘सुपरफिशिअल फिमोरल व्हेनमध्ये गुठळी’. सोबतच्या मुलाने नेटवर ‘सुपरफिशिअल’ म्हणजे वरवरचं असं वाचलं आणि आईला घरी न्यायची तयारी सुरू केली. मी दारातच अडवलं. ती शीर नावानेच वरवरची आहे. ती खोल शीर आहे. तिथली गुठळी सुटली तर फुप्फुसात जाते.

शरीरवेडी

@रात्रपाळी, तुम्ही त्या बाईंचा जीव वाचवला असण्याची शक्यता आहे. या नावाने अनेकांची फसगत झाली आहे, म्हणून आता त्या शिरेला नुसतं ‘फिमोरल व्हेन’ म्हणावं असा आग्रह धरला जातो. मांडीतली खरी वरवरची शीर म्हणजे ग्रेट सॅफेनस, शरीरातली सर्वांत लांब. घोट्याच्या आतल्या हाडापुढून निघते, गुडघ्याच्या आतल्या-मागच्या बाजूने वर येते आणि जांघेखाली त्वचेखालच्या जाड आवरणातल्या एका खिडकीतून आत शिरून फिमोरल शिरेला मिळते. हृदयाच्या बायपाससाठी काढतात ती हीच. आत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात, म्हणून बसवताना ती उलटी करून बसवतात.

एक पाय अचानक सुजला, दुखायला लागला, गरम लागला तर मसाज करू नका, दवाखान्यात जा. हे मी दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगते.

चाफा

सॅफेनसचा विषय निघालाच आहे तर. फुगलेल्या शिरांसाठी माझी हीच शीर ओढून काढली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. तेव्हापासून पोटरीची आतली बाजू घोट्यापर्यंत बधिर आहे. विचारलं तेव्हा ‘असं होतं कधी कधी’ म्हणून वाटेला लावलं. काप तर जांघेत आणि घोट्याजवळ होते. मग मधला भाग का बधिर?

शरीरवेडी

@चाफा, तुम्हाला हे तेव्हाच नीट सांगायला हवं होतं.

सॅफेनस नावाचा एक मज्जातंतूही आहे, फिमोरल मज्जातंतूची सर्वांत लांब फांदी. मांडीत शीर आणि हा मज्जातंतू सोबत नसतात. शीर त्वचेखाली, मज्जातंतू खोल बोगद्यात धमनीसोबत. पण मज्जातंतू धमनीबरोबर गुडघ्यामागे जात नाही. फटीच्या आधीच तो बोगद्याच्या छताला भोक पाडून बाहेर येतो, गुडघ्याच्या आतल्या बाजूला त्वचेखाली पोचतो आणि तिथून खाली पावलाच्या आतल्या कडेपर्यंत ग्रेट सॅफेनस शिरेला चिकटून जातो. शीर घोट्यापर्यंत ओढून काढली तर पोटरीत तो सोबत खरवडला जातो. गुडघ्याच्या वर हा धोका कमी, कारण तिथे दोघांची वाट वेगळी. म्हणून पुढे शीर गुडघ्याच्या आसपासपर्यंतच काढण्याकडे कल वाढला.

इतक्या वर्षांनी संवेदना परत येण्याची आशा कमीच आहे. पण त्या भागात पायाची ताकद जायची भीती नाही. पायाला जखम झालेली कळत नाही, तेवढी नजर ठेवा.

एकपायरी

मी आठ महिन्यांपूर्वी याच सगळ्यातून गेलो, म्हणून लिहितो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या. एके दिवशी जांघेत वर प्रचंड कळ आली, पाय पोटाशी घेतल्याशिवाय बरं वाटेना. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघा अचानक मोडल्यासारखा वाकला आणि पडलो. मग लक्षात आलं की मी जाताना मांडीवर हात दाबून चालतोय, म्हणजे गुडघा मागे ढकलून धरतोय. पहिल्या ठिकाणी कंबरेची नस म्हणून शेक द्यायला सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली, पाय हललाच नाही. मग त्यांनी दोन्ही गुडघे एकमेकांवर दाबायला सांगितले. ती ताकद पूर्ण होती. लगेच स्कॅन. पोटाच्या मागच्या स्नायूत रक्त साचून फिमोरल मज्जातंतू दबला होता. ‘गुडघे दाबा’ हे का सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही.

शरीरवेडी

@एकपायरी, त्या दुसऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

गुडघ्याखालची हातोडी १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे मांडली. कंडरा ताणला की क्वाड्रिसेप्सकडून संदेश मणक्यात जातो आणि तसाच उलटा येऊन पाय उडतो. मुख्यतः कमरेची तिसरी आणि चौथी मुळं. पाय हलला नाही याचे दोन अर्थ निघू शकतात. एक तर मणक्याजवळ मूळ दबलं, नाहीतर पुढे फिमोरल मज्जातंतू.

हा पेच गुडघे दाबायला लावून सुटतो. मांड्या जवळ आणणारे अॅडक्टर स्नायू ऑब्च्युरेटर नावाच्या वेगळ्या मज्जातंतूवर चालतात, पण त्याची मुळं तीच, कमरेची दुसरी ते चौथी. मूळच दबलं असतं तर अॅडक्टरही कमजोर झाले असते. तुमचे शाबूत होते, म्हणजे बिघाड मुळांच्या पुढे, दोघांची वाट वेगळी झाल्यानंतर. पाय पोटाशी घ्यावासा वाटत होता, कारण रक्त साचलेला स्नायू खुबा वाकवला की सैल पडतो. आता जिना कसा उतरता?

एकपायरी

कठड्याला धरून. पण गेल्या आठवड्यात मांडीवर हात न ठेवता चार पायऱ्या उतरलो. हातोडीला अजून उत्तर नाही.

शरीरवेडी

चार पायऱ्या म्हणजे क्वाड्रिसेप्स जागा होतोय. हातोडीचं उत्तर बऱ्याचदा ताकदीच्या मागून येतं, कधी येतही नाही, त्यावर मोजमाप करू नका. कठडा मात्र इतक्यात सोडू नका.

निळीशाई

अपडेट द्यायला आलो. डॉक्टरांना पेनाची कड दाखवली. त्यांनी कमरेच्या हाडाजवळ एका जागी बोटाने टिचकी मारली आणि थेट त्या अंड्यात झिणझिण्या आल्या. तुम्ही सांगितलेलंच नाव त्यांनी लिहिलं. कामावर अवजारं लावायचा जड पट्टा बांधतो, तो बदलून खांद्यावर घ्यायचा झोळा घेतला. तीन आठवडे झाले. कड आतल्या बाजूने दोन बोटं सरकली आहे, बाहेरून तशीच.

शरीरवेडी

छान! दर रविवारी कड काढून फोटो ठेवत जा.

पहिलं_वर्ष

मॅडम, शेवटचा प्रश्न, उद्या डिसेक्शनची प्रॅक्टिकल आहे. क्वाड्रिसेप्सला खरंच चारच डोकी का? आणि बोगद्यात धमनीजवळ दोन मज्जातंतू दिसतात, सॅफेनस आणि व्हास्टस मेडिअॅलिसचा. दोन्ही सारख्याच पांढऱ्या दोऱ्या. ओळखायचे कसे?

शरीरवेडी

उद्या चारच लिहा. पण २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने २६ पायांचं डिसेक्शन करून व्हास्टस लॅटरॅलिस आणि इंटरमीडिअसच्या मध्ये आणखी एक डोकं दाखवलं, टेन्सर ऑफ व्हास्टस इंटरमीडिअस. इतकी वर्षं ते शेजाऱ्यांच्या तंतूंत मोजलं जात होतं. उद्या वेळ उरला तर तिथे बोट घालून पडदे वेगळे करून बघा.

दोऱ्यांचं असं. आधी सार्टोरिअस मधोमध कापू नका, वरच्या टोकाला सोडवून पापुद्र्यासारखा खाली उलटा. त्याखाली एक चकचकीत पडदा दिसेल, ते बोगद्याचं छत. ते चिमट्याने उचलून कात्रीच्या बोथट टोकाने उघडा, धमनी लगेच खाली असते. धमनीच्या बाहेरच्या बाजूला राहून व्हास्टस मेडिअॅलिसच्या अंगावरून उतरते ती त्या स्नायूची. दुसरी धमनीच्या बाहेरून सुरू होऊन तिच्या पुढून ओलांडते आणि आत येते, ती सॅफेनस. तरी खात्री पटली नाही तर दोरी हलकेच ओढा आणि शेवटापर्यंत जा. स्नायूत शिरून दिसेनाशी झाली तर व्हास्टसची. छत फोडून गुडघ्याच्या आतल्या बाजूला बाहेर पडली तर सॅफेनस. छत उघडताना खालच्या टोकाला हात हलका ठेवा, ती बाहेर पडते तिथेच मुलं तिला कापतात.